आडनाव घोन्सालविस, मुक्काम लिस्बन

खिडकीतल्या तरुण पोलिसाने पासपोर्ट उघडला, आडनाव वाचलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा आडनावाकडे. "गोंसाल्विश," त्याने मला माझंच नाव सुधारून दिलं. "गोवा?"

"नाही. वसई."

वसई त्याला माहीत नव्हती. "बासाईं" हे जुनं पोर्तुगीज नाव घेऊन पाहिलं, तरी चेहरा कोराच. दोनशे वर्षं राज्य केलं मेल्यांनी, किल्ला बांधला, आम्हाला आडनावं दिली, आणि आता ओळखसुद्धा नाही! त्याने शिक्का मारला आणि मी पोर्तुगालमध्ये शिरले.

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली, हे दरवर्षी एका तासात उरकायचे. पण आडनावं देणाऱ्या त्या देशात कोण कोण येऊन राहिलं, कोणाला हाकललं, हे कधी वाचलंच नव्हतं. भाची दोन वर्षांपासून लिस्बनला शिकते. "आत्या, पाय चालतायत तोवर ये," म्हणाली. गेले.

पहिला दिवस, बुधवार 23 एप्रिल 2025

खोली आंजोस भागात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. (लिस्बनमध्ये खोली घेताना मजला आणि लिफ्ट आधी विचारा. शहर टेकड्यांवर आहे, त्यात वर जिने.) मालकीणबाई बहात्तर वर्षांच्या, केस कापलेले, बोलणं ठसक्यात. पोप फ्रान्सिस सोमवारीच गेले होते, म्हणून टीव्हीवर सारखं रोम. माझ्या गळ्यातला क्रूस बघून बाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला, हे स्वागत समजले.

त्यांनी किल्ली पुढे केली आणि म्हणाल्या, "शाव." मी म्हटलं, "चावी." भाचीने खुलासा केला की चावी हा शब्द यांचाच. पोर्तुगीज पूर्वी 'च' म्हणत, मग लिस्बनवाल्यांचा उच्चार 'श'कडे सरकला. आमच्याकडे शब्द जुन्या उच्चारासकट राहिला. बाईंना हे भलतंच आवडलं. मग बादली, पगार, इस्त्री, साबण असं आम्ही सगळं घर मोजलं.

निघताना त्यांनी बजावलं, "बेनफोर्मोझो गल्लीत पर्स सांभाळा."

साहजिकच आधी तिथेच गेलो. रुआ दो बेनफोर्मोझो ही मोरारियातली अरुंद, लांबट गल्ली. 1147 साली आफोन्सो एन्रिकेस राजाने लिस्बन मुसलमानांकडून घेतलं, तेव्हा उरलेल्या मूर लोकांना कोटाबाहेर या उतारावर वस्ती दिली. मोरारिया हे नाव तेव्हाचं. आज तिथे बंगाली पाट्या, हलाल खाटीक, मोबाइल दुरुस्ती, पैसे पाठवायची दुकानं, भेंडी, कारली, आणि नाकात भरणारा तळलेल्या कांद्याचा वास. बहुतेक दुकानदार बांगलादेशी. मला मोहम्मद अली रोडची आठवण झाली, फक्त फूटपाथ स्वच्छ.

भाचीने एक भिंत दाखवली. 19 डिसेंबर 2024 ला पोलिसांनी ही गल्ली दोन्ही बाजूंनी अडवून डझनावारी माणसांना हात वर करून भिंतीला उभं केलं होतं. तो फोटो देशभर गाजला आणि जानेवारीत "आम्हाला भिंतीला लावू नका" म्हणत मोठा मोर्चा निघाला. 19 डिसेंबर म्हणजे आपल्याकडे गोवा मुक्तिदिन. तारखांची ही खोड शिक्षकाला सुटत नाही.

तिथून पाच मिनिटांवर साओ दोमिंगोस चौक. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊची माणसं घोळक्याने उभी, झगझगीत कपड्यांतल्या बायका शेंगदाणे विकतायत. कोपऱ्यावर 1840 पासून चालू असलेलं टिचभर दुकान, तिथे आंबट चेरीची दारू, जिंजिन्या, उभ्याउभ्या प्यायची. फळासकट की फळाशिवाय, एवढाच प्रश्न विचारतात. फळासकट घ्या.

चर्चच्या आत गेले आणि बोलती बंद झाली. 1959 च्या आगीत होरपळलेले खांब तसेच ठेवलेत, दगडांचे पापुद्रे निघालेले. 19 एप्रिल 1506 ला इथे क्रूसावर उजेड दिसला. लोक चमत्कार म्हणाले. एक नवख्रिस्ती, म्हणजे जबरदस्तीने बाटवलेला ज्यू, बोलून गेला की ही मेणबत्तीची तिरीप असेल. त्याला ओढून बाहेर मारलं आणि पुढचे तीन दिवस शहरात नवख्रिस्ती वेचून मारले, आकडा हजारांच्या घरात. बाहेर चौकात ज्यू ताऱ्याचं स्मारक आहे आणि पलीकडच्या भिंतीवर 'लिस्बन, सहिष्णुतेचं शहर' हे वाक्य अनेक भाषांत लिहिलंय. त्याच चर्चमध्ये गुलाम आणि मुक्त आफ्रिकनांची रोझरीमातेची कॉन्फ्रारिया, म्हणजे बंधुसंघ, होती. त्या काळीही हे शहर काही एकरंगी नव्हतं.

दुसरा दिवस, गुरुवार 24 एप्रिल

नाश्त्याला मालकीणबाईंनी शामुसा ठेवला. म्हणजे आपला समोसाच, पण आवरण पातळ आणि आत मटणाचा खिमा. इथल्या कुठल्याही चहा-कॉफीच्या दुकानात मिळतो आणि पोर्तुगीज माणूस तो आपलाच समजून खातो. गोव्याहून आला, मोझांबिकहून आला, दोन्ही सांगतात. दोन्हीकडे गोवेकर आणि गुजराती होतेच.

"हा मी आईकडून शिकले, लोरेंसो मार्केसला," बाई म्हणाल्या. लोरेंसो मार्केस म्हणजे आजचं मापुतो. बाई तिथेच जन्मल्या, वडील रेल्वेत होते. 25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये सैन्याने हुकूमशाही उलथवली, पुढच्या वर्षी आफ्रिकेतल्या बहुतेक वसाहती स्वतंत्र झाल्या, आणि पाच लाखांहून जास्त माणसं इकडे आली. तेव्हा देशाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. सरकारने त्यांना हॉटेलांत, वसतिगृहांत, जागा मिळेल तिथे ठेवलं. बाईंनी बाविसाव्या वर्षी एस्तोरीलच्या समुद्रकाठच्या हॉटेलात आठ महिने काढले, एका खोलीत सहाजण, खिडकीत कपडे वाळत.

"आम्हाला रेतोर्नादो म्हणायचे. परत आलेले. परत? मी लिस्बन पहिल्यांदाच बघत होते! बाजारात बायका म्हणायच्या, आल्या आमच्या नोकऱ्या खायला."

भाचीने विचारलं, घरी कामाला कोण होतं? बाईंनी जरा वेळ बशीतले चुरे बोटाने गोळा केले. "स्वयंपाकी होता. त्याच्याकडेही पोर्तुगीज कागद होता. मग नवा कायदा आला."

तो कायदा नंतर भाचीने समजावला. जून 1975 च्या हुकुमाने वसाहतीत जन्मलेल्यांपैकी ज्यांचे आईवडील, आजीआजोबा वा पणजीपणजोबा पोर्तुगालचे, त्यांचं नागरिकत्व साधारणपणे टिकलं. बाकी बहुतेकांचं एका फटक्यात गेलं. ज्यांना काल शाळेत 'तुम्ही पोर्तुगीज' म्हणून शिकवलं, ते आज परदेशी. गोव्याची गोष्ट उलटी. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना आजही लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज होता येतं. आमच्या ओळखीतले कितीतरी गोवेकर असे कागद करून इंग्लंडला गेले. वसईकरांना ही सोय नाही. आमचा कागद चिमाजी अप्पांनी 1739 सालीच फाडला. (कोणी एजंट वसईच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पासपोर्ट काढून देतो म्हणाला, तर दारातूनच वाटेला लावा.)

दुपारी बेलेमला गेलो. सगळे पर्यटक तिथे खलाशांच्या स्मारकापाशी फोटो काढतात. मी 1975 चा फोटो डोळ्यांपुढे आणत होते: याच स्मारकाभोवती आफ्रिकेतून आलेल्या लाकडी खोक्यांच्या भिंती, वर आडनावं लिहिलेली. पाच शतकं जिथून गलबतं सुटली, तिथेच सामान येऊन पडलं.

परतताना पोसो दोस नेग्रोस रस्ता. छान कॉफीची दुकानं आहेत. नावाचा अर्थ 'काळ्यांची विहीर'. मेलेल्या गुलामांची प्रेतं उघड्यावर टाकली जात म्हणून 1515 साली मानुएल राजाने खोल खड्डा खणायला सांगितला, वर चुना टाकायचा. कॉफी मी नाही घेतली.

संध्याकाळी लोकलने आमादोराकडे, कोवा दा मोरा वस्तीत. साठच्या दशकात पोर्तुगीज मजूर लाखांनी फ्रान्सला पळत होते, बरेचसे कागदांशिवाय रात्रीची हद्द ओलांडून. इथे बांधकामाला हात कमी पडले, तेव्हा आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरून माणसं आली. ही वस्ती सत्तरच्या दशकापासून त्यांनी स्वतः विटा रचून उभी केली. तिथल्या मोइन्यो दा जुवेंतूद या संस्थेचे लोक वस्ती फिरवून दाखवतात. एकट्याने कॅमेरा घेऊन घुसण्यापेक्षा त्यांच्याबरोबर जा, वस्तीचा मान राहतो आणि पैसे तिथेच राहतात. जेवायला काशुपा होती: मका, घेवडा, कोबी, डुकराचं मांस, सगळं तासन्‌तास शिजलेलं. वाढणाऱ्या बाईने माझं ताट दोनदा भरलं. तिचा नवरा मेट्रोच्या बोगद्यात काम करून निवृत्त झालेला, मुलं इथेच जन्मलेली. "मुलांना विचारतात, तुम्ही कुठले?" ती म्हणाली. "मला कुणी विचारत नाही. मला बघूनच ठरवतात."

तिसरा दिवस, शुक्रवार 25 एप्रिल

क्रांतीचा दिवस, सुट्टी. पोपच्या दुखवट्यामुळे सरकारने आपले उत्सवी कार्यक्रम पुढे ढकलले होते, त्यावरून लोक चिडलेले. तरी आवेनिदा दा लिबेर्दादेवर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. हातोहाती लाल कार्नेशनची फुलं, खांद्यावर पोरं, "25 एप्रिल कायम, फॅसिझम पुन्हा नको" ही आरोळी. नेपाळी, ब्राझिली, बंगाली मंडळींचे फलकही होते. एका आजोबांनी मला फूल दिलं आणि विचारलं, "ब्राझिलेरा?" मी मान डोलावली. दर वेळी वसई कुठे समजावत बसू.

त्याच दिवशी एका छोट्या अतिउजव्या गटाने मार्तिम मोनिझ चौकात, म्हणजे मुसलमान दुकानदारांच्या दारात, डुक्कर भाजायचा बेत जाहीर केला होता. परवानगी मिळाली नाही, तरी ते जमले आणि साओ दोमिंगोस चौकात हाणामाऱ्या झाल्या, काहींना अटकही झाली. साओ दोमिंगोस, पुन्हा तोच चौक. आम्ही वसईकर ख्रिस्ती डुक्कर आवडीने खातो. सणाला सोरपोटेल नसेल तर आमच्याकडे रुसवे होतात. पण जेवणाचा असा उपयोग बघून तोंड कडू झालं.

चौथा दिवस, शनिवार 26 एप्रिल

भाड्याची गाडी, भाची चालक. कास्तेलो दे विदे हे स्पेनच्या सीमेजवळचं पांढरं गाव, लिस्बनपासून तीनेक तास. वाटेत बुचाची झाडं, साल सोलून लालबुंद केलेली.

इथे मी एका माणसासाठी आले होते. गार्सिया द ओर्ता इथे जन्मला, 1500 च्या सुमारास. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा हजारो सीमा ओलांडून या भागात आले, त्यात त्याचे आईबाप. चार वर्षांनी, डिसेंबर 1496 ला, पोर्तुगालनेही ज्यू आणि मुसलमान दोघांना देश सोडायचं फर्मान काढलं. मग राजाच्या लक्षात आलं की कामाची माणसं जातील. 1497 मध्ये ज्यूंना सरळ बाप्तिस्मा देऊन टाकला. गार्सिया वैद्य झाला आणि 1534 साली गोव्याला निघाला, वसई पोर्तुगीजांकडे आली त्याच वर्षी. पुढे मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्यावर मिळालं. त्याच्या तिथल्या बागेत वर्षातून दोनदा फळणारं आंब्याचं झाड होतं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. हिंदुस्थानी औषधींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. तो 1568 ला वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला गोव्यात जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

गावात त्याचा पुतळा आहे. गल्ल्या उभ्या चढाच्या, गोट्यांच्या. चपला नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. ज्यू गल्लीतल्या जुन्या सिनेगॉगचं छोटं संग्रहालय केलंय. तिथल्या बाईंनी सांगितलं की 1989 साली अध्यक्ष मारियो सोआरेस यांनी याच गावात येऊन ज्यूंची माफी मागितली. 2015 पासून त्या हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्वही मिळू लागलं, नंतर अटी आवळल्या. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या आजोबांचा पुरावा चालला, आणि 1975 च्या स्वयंपाक्याचा नाही. भाची म्हणाली, "आत्या, गाडीत बस, पाऊस येतोय." खरंच येत होता.

जेवायला सारापातेल! इथे ईस्टरला कोकराच्या काळीज-रक्ताचं करतात, जिरं आणि पावाबरोबर. आमचं सोरपोटेल डुकराचं, व्हिनेगरचं, तिखट. पहिला घास घेतला आणि आईचा हात आठवला, मग मिरची आठवली. मी पर्समधून मसाल्याची पुडी काढली. वाढपी बघत राहिला, मग त्यानेही चिमूटभर मागितला आणि पुढे पाच मिनिटं पाणी पीत होता. सोबत सफरचंद घातलेली बोलेइमा नावाची चपटी भाकरीसारखी मिठाई. ज्यूंच्या बिनखमिराच्या भाकरीवरून आली म्हणतात. मी त्यांना वसईची सुकेळी दिली. वाळवलेली केळी ही गोष्ट त्यांना पटायला वेळ लागला.

पाचवा दिवस, रविवार 27 एप्रिल

सकाळचा मिस्सा, मग दिवसभर दक्षिणेला गाडी. साओ तेओतोनिओ, ओदेमिरा तालुक्यात. समुद्राकडेला मैलोन्‌मैल प्लॅस्टिकची शेतघरं, आत उत्तर युरोपसाठी रासबेरी. तोडणारे हात नेपाळी, पंजाबी, बांगलादेशी. रविवार म्हणून गावच्या चौकात सुट्टी सांडली होती: बाकांवर पोरं, कानाला फोन. आजूबाजूला म्हातारे पोर्तुगीज पत्ते खेळत. दोघांच्या बाकांमध्ये एकच झाड.

मी हिंदीत बोलले आणि पाच मिनिटांत माझ्याभोवती सात जण. होशियारपूरचा एक पोरगा, नेपाळी दुकानदारीण, तिचा दीर. किमान पगार तेव्हा, 2025 साली, 870 युरो, त्यातून खाटेचं भाडं, गावी कर्जाचा हप्ता. 2021 मध्ये करोनात या गावाला वेढा घातला, तेव्हा एकेका घरात किती माणसं कोंबली आहेत हे लिस्बनला कळलं. पूर्वी पर्यटक म्हणून येऊन, काम मिळवून, सामाजिक सुरक्षेत नाव नोंदवलं की कागदांसाठी अर्ज करता यायचा. जून 2024 ला ती वाट बंद झाली. "मैं मई में आया था, आंटी," होशियारपूरचा म्हणाला. "एक महीना लेट होता तो गया काम से." देशात 2017 साली चारेक लाख परदेशी होते, 2024 अखेर पंधरा लाखांवर, एक कोटी सात लाखांच्या देशात. ब्राझिली सगळ्यांत जास्त, मग आपले भारतीय. चौकाच्या खांबांवर 18 मेच्या निवडणुकीची पोस्टरं होती. (घरी आल्यावर निकाल वाचला: परदेशी लोकांच्या विरोधावर वाढलेला शेगा पक्ष 60 जागा घेऊन दुसरा आला.)

दुकानदारिणीने चहाचे पैसे घेतले नाहीत. रात्री उशिरा लिस्बन.

सहावा दिवस, सोमवार 28 एप्रिल

साडेअकराला लाईट गेली. मी वसईची, ढिम्म हलले नाही. पण दहा मिनिटांत भाची जिन्यातून ओरडत आली: सगळं लिस्बन, सगळा पोर्तुगाल, स्पेनसुद्धा! मेट्रो बंद, सिग्नल बंद, विमानतळ ठप्प, थोड्या वेळाने फोनही मेले. एटीएम बंद, कार्ड चालेना, मोठी दुकानं दार ओढून बसली. लोक गाडीतल्या रेडिओभोवती घोळक्याने उभे. कोणी म्हणे सायबर हल्ला, कोणी म्हणे युद्ध. मी मालकीणबाईंच्या बादल्या भरून ठेवायला लागले.

त्यांच्या घरात सगळं विजेवर, शेगडीसकट. मेणबत्ती एक, तीही वाढदिवसाची. "चला," मी म्हटलं, "बेनफोर्मोझोला." त्या थबकल्या. मग पर्स काखेत घट्ट धरून आल्या.

गल्ली चालू होती! गॅसवर बिर्याणी, बॅटरीवरचे दिवे, रोखीत धंदा. एका सिल्हेटी दुकानदाराने मेणबत्त्या, पाणी, केळी, पाव काढून दिले आणि आम्हाला गॅसवरचा चहा पाजला. रोख पैसे आम्हा तिघींकडे मिळून चार युरो. (परदेशात पन्नासेक युरो रोख बाजूला ठेवाच.) त्याने हात झटकला, वही काढली, काहीतरी लिहिलं. "कल दे देना." मालकीणबाईंना उधारी ही गोष्ट समजवायला भाचीला बराच वेळ लागला. रात्री दहाच्या पुढे लाईट आली तेव्हा सगळ्या खिडक्यांतून टाळ्या वाजल्या.

सातवा दिवस, मंगळवार

सकाळी पैसे द्यायला तिघी गेलो. त्याने वही उघडून ओळीवर काट मारली. माझं नाव कसं लिहिलं ते बघायला मी डोकावले, पण बंगाली. "क्या लिखा?"

तो लाजला. "नाम तो पूछा नहीं था. लिखा, इंडिया की खाला, साथ में पुर्तगाली नानी."

भाचीने मालकीणबाईंना ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं. बाईंनी चष्मा लावला, वहीवर बोट ठेवलं आणि त्या दुकानदाराला म्हणाल्या, "पोर्तुगाली नाही. मोझांबिक लिही."